शेहेचाळीस पोती तांदूळ

२७ जानेवारी २०२६, मंगळवार

ही डायरी क्रेडिट सोसायटीनं दिलेली. दर वर्षी कर्जदाराला एक कॅलेंडर आणि एक डायरी फुकट मिळते. इतके दिवस मशीनच्या पेटीवर पडून होती, आज उघडली, कारण त्याच सोसायटीची नोटीस आली. पोस्टमननं दारातच सही घेतली. समोरच्या मालुबाई पापड वाळत घालत होत्या, त्यांनी मान वर करून बघितलं आणि मी उगाच मोठ्यानं म्हटलं, "लाईट बिल आलंय वाटतं." लाईट बिलाला सही कोण घेतं? त्यांचे वीस हजार माझ्याकडं अडकलेत, त्यांना सगळं कळतं.

ह्यांनी, म्हणजे रविराजनी, पाच वर्षांमागं उद्यमबागेच्या कारखान्यांत स्वतःचं लेथ मशीन टाकायला कर्ज काढलं. घर तारण. लेथ गेलं, शेड गेली, आता हे दुसऱ्याच्या कारखान्यात बारा तास उभे असतात. कर्ज तेवढं राहिलं. व्याजासकट पाच लाख बारा हजार. २८ फेब्रुवारीच्या आत काही सोय केली नाही तर घर लिलावाला काढणार. दोन खोल्या आणि पुढं माझं ब्लाउज शिवायचं दुकान, एवढंच घर.

नोटीस घेऊन तशीच सोसायटीत गेले. मॅनेजर माणूस बरा आहे. म्हणाला, "वैनी, ओरडून उपयोग न्हाय. तुमच्याकडं काय काय हाय आणि कुणाचं काय देणं हाय, सगळं एका कागदावर लिहून आणा. काय लपवू नका. ते बघून हप्ते पाडून देता येतात का, बोर्डापुढं ठेवतो."

मी ओरडत नव्हते. माझा आवाजच तसा आहे.

२९ जानेवारी

आज गिऱ्हाईक नव्हतं. यादी करायला बसले.

आहे ते: पिग्मीत रोज थोडे थोडे भरून साठलेले एकतीस हजार चारशे. एलआयसी मोडली तर बेचाळीस हजार. शिलाई मशीन आणि पिको मिळून अठरा हजार, तेही कुणी घेतलं तर. स्कूटी बावीस हजार. दिपालीच्या नावानं पोस्टात पंचवीस हजार. हे शेवटचे लिहिताना हात अडला. पोरगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे, मार्चात परीक्षा, तिचे पैसे आमच्या यादीत कसे धरायचे? पण लपवू नका म्हणालेत, म्हणून लिहिले. एकूण एक लाख अडतीस हजार चारशे. मंगळसूत्र धरलं नाही. घर तर त्यांच्याकडंच आहे.

देणं: सोसायटी पाच लाख बारा हजार. सोनाराकडं पाटल्या आहेत, त्या सोडवायला एक लाख दहा. मालुबाई वीस हजार. किराणा सात हजार सहाशे. आणि अण्णाचा तांदूळ.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ भावकू, गुंजीला असतो, शेती करतो. दर वर्षी मळणी झाली की तो मला तांदळाची पोती आणून टाकतो. मी कधी मागितली नाहीत. कधी चार आणतो, कधी तीन, पुराच्या साली दोनच आणली. त्याची मर्जी. वर दर वेळी ऐकवतो, "आवंदा आठ पोती झाली," नाहीतर "आवंदा सहाच झाली." किती पिकलं ते मला कशाला सांगतो? मोठेपणा. आमच्यात कुणाकडनं काही आलं की आहेराच्या वहीत लिहून ठेवायचं आणि वेळ आली की फेडायचं, कमी फेडलं तर चार माणसांत नाक कापलं जातं. म्हणून तेरा वर्षं मी वहीत पोती लिहीत आले. आज बेरीज केली. शेहेचाळीस पोती. सरासरी अठराशे धरले तर ब्याऐंशी हजार आठशे.

तो तांदूळ मी एकदाही शिजवलेला नाही, हेही लिहून टाकते, इथं कोण वाचतंय. कोपऱ्यावरच्या दुकानात देते आणि बदल्यात दुसरा आणते. दया म्हणून आलेला घास माझ्या घशाखाली उतरत नाही.

सगळं देणं सात लाख बत्तीस हजार चारशे. त्यातनं आहे ते वजा केलं. पाच लाख चौऱ्याण्णव हजार उणे. एवढी माझी किंमत, चव्वेचाळीस वर्षांची. तीनदा बेरीज केली, तेवढीच आली.

१ फेब्रुवारी, रविवार

अण्णाचा फोन आला. नेहमीसारखा आधी जनावरांचं, मग आईच्या गुडघ्याचं, आणि मग मुद्दा. "नीलम, शेतात बोअर मारायची म्हनतोय. बँकेचं कर्ज काढतोय. तुझी सही लागती बघ. तुझ्याबिगर होत न्हाय म्हनतो बँकवाला."

माझं डोकंच फिरलं. अजून सही? एकदा केली ती पुरली नाही?

दोन हजार बाराच्या डिसेंबरात आप्पांनी, आमच्या वडिलांनी, मला खानापूरच्या रजिस्टर ऑफिसात बोलावून घेतलं. काय असणार ते मला ठाऊक होतं. आमच्या भागात लेकीला असं बोलावलं की एकच काम असतं, हक्कसोड. बहिणींनी जमिनीवरचा हक्क सोडायचा, भावाच्या नावावर करून द्यायचा आणि साडी घेऊन सासरी जायचं. माझ्या आत्त्यांनी केलं, चुलत बहिणींनी केलं. इकडचा सरकारी कागद सगळा कानडीत. मला कानडी बोलता येतं बाजारापुरतं, वाचता येत नाही, आम्ही मराठी शाळेतले. आप्पा बाकावर कागद उघडून म्हणाले, "नीलम, ऐक जरा, यात काय हाय सांगतो." मी म्हटलं, "काय सांगू नका. सही कुठं करायची तेवढं बोट ठेवा." त्यांनी बोट ठेवलं. मी चार पानांवर सह्या केल्या, अंगठा दिला, फोटोला बसले. साहेबानं कानडीत काहीतरी विचारलं, मी हौदु हौदु, म्हणजे हो हो, म्हटलं. अण्णानंही सही केली. बाहेर आल्यावर आप्पांनी पिशवीतनं हिरवी साडी काढून दिली. सही झाली की साडी, तसंच झालं. आणि एक पाकीट दिलं. म्हणाले, "ही तुझी प्रत. ठेव. अडचन आली तर बघ." म्हणजे अडचणीत दारात आलीस तर कागद बघ, काही शिल्लक नाही. बापाच्या तोंडून हे ऐकायला लागलं. साडीची घडी मी अजून मोडलेली नाही.

पुढं आप्पा सात वर्षं होते. बोलणं कामापुरतं. एकोणीस साली गेले.

अण्णाला म्हटलं, "बघते." आणि फोन ठेवला.

६ फेब्रुवारी

यादी नेऊन दिली. मॅनेजर वाचत गेला आणि तांदळापाशी थांबला. "हे काय, वैनी? भावाचा तांदूळ कर्जात?" मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात लपवू नका." तो हसला नाही, मला जरा बरं वाटलं.

मग म्हणाला, एक लाख आत्ता भरा आणि आणखी काहीतरी तारण दाखवा, तर चार वर्षांचे हप्ते करता येतील. तारण काय दाखवू? त्यानं माहेरची जमीन विचारली. मी सांगितलं, हक्कसोड करून दिलाय. "मग त्याची प्रत यादीला जोडा. न्हायतर बोर्डातला कोणतरी म्हनणार, बाईनं जमीन लपवली." म्हणजे माझ्याकडं काही नाही, याचाही पुरावा पाहिजे.

येताना बसमध्ये हिशेब मांडत होते. पिग्मी, एलआयसी आणि पोरीचे पंचवीस मिळून लाख होतंय कसंबसं. तारणाचं काय? अण्णाला माझी सही पाहिजे आहे. म्हणजे उताऱ्यावरचं माझं नाव यांनी अजून कमी केलेलं नाही, आणि आता बँकेत घोडं अडलंय. आमचा हिंडलग्याचा स्टॉप आला तेव्हा डोक्यात आलं ते लिहायला लाज वाटते.

८ फेब्रुवारी, रविवार

लाज सोडली. अण्णाला फोन लावला आणि म्हटलं, "सही करते. पण फुकट न्हाय. दोन लाख पायजेत."

मागं म्हैस ओरडत होती ती ऐकू आली. मग म्हणाला, "दोन लाख म्हंजे सगळं बोअरचं कर्जच की गं."

"मग काढू नको बोअर."

"तसं न्हवं. तुला पायजे असतील तर तू घे. तुझंच हाय, मला काय इचारतीस?"

टोमणा मारावा तर असा. तुझंच हाय. मी म्हटलं, "अण्णा, गोड बोलून सुरी फिरवू नको." तो म्हणाला, "नीलम, तुझं काय चाललंय मला कळंना. यंदा मळणीला उशीर झाला, शनवारी तांदूळ घेऊन येतो, मग बोलू." मी म्हटलं, तांदूळ नको. त्यानं ऐकलं की नाही, ठाऊक नाही.

ह्यांना सांगितलं. हे जेवता जेवता थांबले. "भावाला सही विकतीस?" एवढंच म्हणाले. मला म्हणावंसं वाटलं, तुमच्या लेथपायीच विकते. पण हात धुवायला उठले तेव्हा ह्यांचे पाय सुजलेले दिसले, म्हणून गप्प बसले.

११ फेब्रुवारी

मालुबाई आल्या. ब्लाउजचं माप द्यायला म्हणून आल्या आणि मापाच्या टेपशी खेळत बसल्या. "नीलम, घाई न्हाय हं माझी. पर नातीचं बारसं हाय पुढच्या महिन्यात." घाई नसली की माणूस असं तारीख सांगून जात नाही. त्यांचं ब्लाउज फुकट शिवून देणार.

 

१४ फेब्रुवारी, शनिवार

अण्णा आला. छोटा टेम्पो घेऊन. चार पोती, सगळ्यांवर निळ्या रंगानं "नी" लिहिलेलं. उतरल्या उतरल्या म्हणाला, "आवंदा आठ झाली बघ."

मी दारात उभी राहिले. म्हटलं, "अण्णा, परत ने."

"काय?"

"परत ने म्हटलं. तेरा वर्षं तुझी दया खाल्ली, आता बस झालं. वहीत लिहून ठेवलंय सगळं, शेहेचाळीस पोती, एक ना एक दिवस फेडीन."

तो माझ्याकडं बघतच राहिला. ड्रायव्हरनं मान फिरवली. मालुबाईंच्या खिडकीचा पडदा हलला. अण्णा म्हणाला, "दया कसली? आप्पानी सांगितलंय तसं करतोय मी." मी म्हटलं, "आप्पांनी काय सांगितलं ते मला सांगू नको, त्यांनी माझं काय केलं ते मला ठाऊक हाय."

त्यानं एक पोतं खांद्यावर घेतलेलं होतं. ते परत टेम्पोत ठेवलं. चहासुद्धा घेतला नाही. जाताना म्हणाला, "आईला काय सांगू?" त्याच्या शर्टाला खांद्यावर तांदळाची पांढरी भुकटी लागली होती. उद्या शिवरात्र, आणि भावाला पाण्याशिवाय पाठवला.

दिपाली दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सोसायटीसाठी तो कागद शोधायचा होता. ट्रंकेत हिरव्या साडीच्या खाली पाकीट सापडलं, चिकटवलेलं, तसंच्या तसं. दिपाली अभ्यास करत होती. पोरांना पहिलीपासून कानडी असतं, ती घडाघडा वाचते. तिला म्हटलं, "यातली हक्कसोडची तारीख आणि नंबर तेवढा काढून दे, यादीत लिहायचाय."

ती वाचायला लागली. पहिलं पान, दुसरं पान. "मम्मी, हे वाटणीपत्र आहे."

"तेच ते."

"तेच न्हाय. हक्क सोडला असं कुठंच लिहिलेलं न्हाय. जमिनीचे तीन भाग केलेत. अ भाग आजोबांचा. ब भाग मामाचा. क भाग, बारा गुंठे, ओढ्याच्या वरच्या अंगाला," आणि ती बोट ठेवून थांबली, "हे तुझं नाव आहे. नीलम रविराज."

मी म्हटलं, नीट वाच. तिनं परत वाचलं. मी म्हटलं, दुसरी कुणी नीलम असेल. ती म्हणाली, "मम्मी, खाली तुझा फोटो आहे." होता. रागानं फुगलेलं तोंड, एकतीसाव्या वर्षीचं.

मग तिनं शेवटच्या पानावरची ओळ वाचून दाखवली. एकेक शब्द लावून मराठीत सांगितली. ती जशी सांगितली तशी इथं लिहिते: "क भागाची शेती भावकू यांनी कसावी आणि दर वर्षी पिकाचा निम्मा वाटा नीलम हिच्या राहत्या घरी नेऊन पोहोचता करावा. तिला मागायला यायला लागू नये."

आठ झाली, चार आणली. सहा झाली, तीन. अण्णा दर वर्षी मला हिशेब देत होता. मी त्याला मोठेपणा म्हणत होते.

दिपालीनं पाणी आणून दिलं.

२० फेब्रुवारी

अण्णाला दोन दिवस फोन लावायला घेतला आणि ठेवला. काय बोलणार? आज आधी सोसायटीत गेले. मॅनेजरनं कागद वाचला, चष्मा काढला, परत घातला. म्हणाला, हे चालेल, हे तारण ठेवलं तर बोर्ड हप्ते देईल. "पर शेती भाऊ कसतोय. त्याची संमती लागणार. या कागदांवर त्याची सही आना."

त्याची सही. देव कुठंतरी बसून हे सगळं बघत असणार.

आणखी एक गोष्ट आहे. शेताचा उतारा सगळ्यांचा एकच, तेव्हा बारा गुंठे सोसायटीकडं अडकले तर बँक अण्णाला बोअरसाठी कर्ज देणार नाही. आणि हप्ते चुकले तर घर जाईल आणि आता शेतही जाईल. परवापर्यंत गमवायला एकच होतं. यादीत "आहे"च्या बाजूला बारा गुंठे लिहिले तेव्हा आनंद व्हायला पाहिजे होता. त्याऐवजी देण्याच्या बाजूची बेरीज परत केली.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या गाडीनं गुंजीला गेले. एकटीच. हिरवी साडी नेसून गेलते, घड्यांच्या रेघा तशाच होत्या.

घराच्या पुढच्या सोप्यात चार पोती उभी होती. "नी" लिहिलेली, भिंतीला टेकून. अण्णा बाहेर आला, साडीकडं बघितलं. मी म्हटलं, "ही पोती आत ठेवली न्हाईस?"

"तुझी हायत. माझ्या कणगीत कशी ओतू?"

मी उंबऱ्यातच बसले आणि सगळं सांगितलं. पाकीट तेरा वर्षं उघडलं नव्हतं, हे सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे तुला ठाऊकच न्हवतं? सह्या तूच केल्यास की गं, माझ्या म्होरं."

"मला वाटलं हक्कसोड."

"आनि मला वाटलं, तुला वाटा कमी वाटला म्हनून तू फुगलीस." तो डोकं खाजवत बसला. "लई शानी हायस."

सोसायटीचं सांगितलं. घर जातंय, तुझी सही लागते, आणि सही केलीस तर तुझी बोअर होत नाही. हे शेवटचं तोंडातनं निघेना, पण सांगितलं. तो उठला, आतनं चष्मा आणि पेन घेऊन आला. म्हणाला, "सही करतो. पर फुकट न्हाय. दोन लाख पायजेत."

मला रडू आलं आणि हसूही आलं. तो म्हणाला, "बोअर फुडच्या साली. ओढ्याला पानी हाय अजून मार्चपातुर. कागद दे." सही करताना त्यानं प्रत्येक पान वरपासून खालपर्यंत वाचलं, त्याला वाचता येतं कानडी, हळूहळू. मीही शेजारी बसून प्रत्येक ओळ त्याच्याकडनं समजून घेतली. दोघांना एक तास लागला.

आई गुडघ्यावर हात ठेवून चुलीपाशी बसली होती. पंच्याहत्तरीला आली, अजून भात चुलीवरच लागतो तिला. मी तिला विचारलं, आप्पा मला का बोलले नाहीत कधी? सात वर्षं होते की.

आई म्हणाली, "तू त्यास्नी कुठं बोलू देत हुतीस? एकदा तुझ्याकडनं आलं तवा मी इचारलं, लेक अजून रागात हाय का? तर म्हनलं, न्हाय गं. मी इचारलं तिला, आवंदाचा भात कसा हाय म्हनून. बरा हाय म्हनली. आपला भात खातीया न्हवं, मग राग कसला."

ते आले होते तो दिवस मला आठवतो. मी त्यांना दुकानातल्या स्टुलावर बसवलं होतं. जेवायला थांबा म्हटलं नव्हतं. पोती त्याच्या आदल्या दिवशीच कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती.

मी आईला खरं सांगितलं नाही. तिनं ताट वाढलं. भात, वर आमटी, शेजारी मीठ. ओढ्याच्या वरच्या अंगाचा, अण्णा म्हणाला, तुझ्यातलाच काढलाय एक शेर, रागावू नको.

तेरा वर्षांत पहिल्यांदा खाल्ला. मोठा दाणा, जरासा तांबूस, गोडसर. आई समोर बसून बघत होती. तिनं विचारलं, "कसा हाय?"

"बरा हाय," मी म्हटलं, आणि आणखी वाढून घेतला.